पश्चिमेची खिडकी आणि पेटीतली लुगडी

वाचकाचं पत्र :

ताई, आम्ही अकोल्यात भाड्याच्या घरात राहतो. दुसरा मजला, वर थेट गच्ची, हॉलची खिडकी पश्चिमेला. घरात आम्ही दोघं, सासूबाई, ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. मोबाइलवर लोकांची सजवलेली घरं बघून मलाही वाटतं, आपलं घर उन्हाळ्यात छान दिसावं. पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं घरमालकांनी बजावलंय. मागच्या महिन्यात ६५० रुपयांच्या प्लास्टिकच्या वेली आणि फुलं आणली, ती आठ दिवसांत धुळीनं माखली. हे म्हणतात, उन्हाळ्यात कसली सजावट, आहे तो पसारा आवर. मे महिन्यात नणंद मुलांना घेऊन पंधरा दिवस राहायला येतेय. दोन हजारांच्या वर खर्च जमणार नाही. सासूबाईंच्या पेटीत त्यांची जुनी सुती लुगडी आहेत. त्या आता गाऊनच घालतात. त्या लुगड्यांचं काही करता येईल का? मला हस्तकला वगैरे येत नाही. शाळेत शिकलेला धावदोरा तेवढा आठवतो.
– एक वाचक, अकोला

प्रिय मैत्रिणी,

धावदोऱ्याचं तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जरा संकोचून लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते. या उन्हाळ्यात तुमच्या घराला जे हवं आहे, ते जवळजवळ सगळं धावदोऱ्यात आणि चार गाठींत होण्यासारखं आहे. आपल्याकडच्या गोधड्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या याच एका टाक्यावर शिवल्या. तुमच्या हातात काही नाही, हे तेवढं मनातून काढून टाका.

तुमच्या यजमानांचं अर्धं म्हणणं मला पटतं. पहिला आठवडा काहीच बनवू नका, नुसतं काढा. हॉलमधला जाड गालिचा, सोफ्यावरच्या मखमली अभ्र्यांच्या उशा, गडद पडदे, शोकेसवरच्या वस्तू, फ्रिजवरची ती टोपली जिच्यात सगळं जमा होतं. गालिचा दोन दिवस गच्चीवर ऊन देऊन झटका, वाळलेला कडुनिंबाचा पाला आत घालून गुंडाळा आणि पलंगाखाली सारून द्या. अकोल्याचा उन्हाळा धुळीचा असतो. दुपारी वारा सुटला की खिडकी बंद असली तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. जितक्या वस्तू तितकी पुसापुशी, हे तुम्ही प्लास्टिकच्या वेलींवरून पाहिलंतच. वस्तू निघाल्या आणि फरशी उघडी पडली, की संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसलेली ती मोकळी फरशीच किती छान दिसते, ते तुम्हाला त्या आठवड्यातच कळेल.

उरलेल्या अर्ध्या म्हणण्याशी मात्र मी सहमत नाही. उन्हाळ्यात सजावट कसली, असं आपल्या आज्यांना कधी वाटलं नाही. चैत्रगौर आठवा. तुमच्याकडे बसत नसेल तरी कुणाकडे हळदीकुंकवाला गेला असालच. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत तिचं कौतुक चालतं. त्या आराशीत काय काय असतं पाहा : कमळासारखं कातरलेलं कलिंगड, कैरीची डाळ, पन्ह्याचं भांडं, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचे गजरे. आरास भर उन्हाळ्यातली, आणि तिच्यातलं जवळजवळ सगळं गार करणारं. डोळ्याला जे सुंदर दिसतं तेच जिभेला, नाकाला, अंगाला थंडावा देतं. तुमच्या घरासाठीही मी हीच कसोटी लावणार आहे. जी वस्तू सावली देत नाही, पाणी गार ठेवत नाही, वास देत नाही किंवा दुपारी मुलांना गुंतवून ठेवत नाही, ती मे महिन्यात घरात नको. मोबाइलवरच्या त्या सुंदर घरांमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो का, हे आधी विचारा आणि मग त्यांची नक्कल करा.

आता खिडकी. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी सजावट तिथेच व्हायला हवी, कारण दुपारी दोन-अडीचपासून सूर्य थेट हॉलमध्ये उतरत असणार. काचेच्या आतून पडदा लावला, की ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती सगळी उष्णता खोलीतच राहते. तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर फरक त्याच दिवशी जाणवतो. म्हणून ग्रिलला बाहेरच्या बाजूनं बांबूची चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, बांधा. शहरात बुरुडांची वस्ती किंवा दुकानं असतात, तिथे खिडकीचं माप घेऊन जा. सूप, परडी, टोपली तिथूनच घ्या आणि एक विनंती, भाव करू नका. एक चीक विणायला किती वेळ लागतो ते तिथे जरा बसून पाहिलंत तर घासाघीस करावीशीच वाटणार नाही. चीक ग्रिलला सुतळीनं बांधायची, खिळ्याचा प्रश्नच नाही. हिरवी जाळीही बाजारात मीटरवर मिळते आणि ती स्वस्तही पडते, पण तिच्यातून येणारा उजेड सगळ्या खोलीला आजारी हिरवट करून टाकतो. बांबूच्या काड्यांमधून दुपारचं ऊन फरशीवर बारीक रेघा काढतं, त्या मला फार आवडतात.

चिकेच्या आतल्या बाजूला लागतो पडदा, आणि आता आपण पेटीपाशी येतो.

लुगड्यांना कात्री लावण्याआधी सासूबाईंना विचारा. 'आई, ही लुगडी पडूनच आहेत, पडदे करू का?' असं नको. पेटी त्यांनाच उघडायला लावा आणि एकेक लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवा. कोणतं कुठून घेतलं, कुणी नेसवलं, कोणत्या बाळंतपणात वापरलं, ते सांगू द्या. यात एक अख्खी दुपार जाईल, जाऊ द्या. त्या गाऊन घालतात ते सोयीसाठी. लुगडं सुटलं म्हणून त्यावरची माया सुटलेली नसते. एखादं लुगडं त्या हातात धरून बसल्या आणि खाली ठेवेनात, तर ते घडी करून परत पेटीत. एखादं जुनं नागपुरी, करवतकाठी निघालं, म्हणजे ज्याच्या काठाला करवतीसारखे दाते असतात ते, तर त्यालाही हात लावू नका. तशी हातमागावरची चांगली वस्तू पुन्हा घ्यायला गेलात तर तुमच्या दोन हजारांत येणार नाही. जी लुगडी मधोमध विरली आहेत, जी त्या स्वतः 'घे, कर काय करायचं ते' म्हणून पुढे करतील, तीच आपली.

मी हे इतकं का सांगते? माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी माझ्या सासूबाईंच्या एका जुन्या लुगड्याच्या उशा केल्या. त्या गावाला गेल्या होत्या, त्यांना छान वाटेल म्हणून परत येईपर्यंत मी सगळं तयार ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत. उशी हातात घेऊन काठावरून बोट फिरवत राहिल्या. ते लुगडं त्यांच्या आईनं दिलेलं शेवटचं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. ते पुन्हा जोडता येण्यासारखं नव्हतं.

नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर कापड. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंचांच्या आसपास. तुमची खिडकी चार फूट रुंद आणि पाच फूट उंच धरली, तर वरची नळी आणि खालची पट्टी धरून पावणेदोन मीटरचा एक तुकडा पुरतो. असे चार तुकडे काढा, म्हणजे सात मीटर झाले. दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवून दुहेरी पडदे होतील दोन. काठ आपोआप उभे येतात, दोन्ही कडांना, आणि पडद्याला वेगळी किनार लावायची गरजच उरत नाही. विरलेला भाग दोन थरांच्या मध्ये झाकला जातो. मग तळहाताएवढ्या अंतरानं आडवे धावदोरे घाला, पांढऱ्या किंवा काठाच्या रंगाच्या जाड दोऱ्यानं. मशीन नको. हातटाक्यानं कापडाला जी सुरकुती येते तिच्यामुळे पडद्याला गोधडीचा पोत येतो आणि पडदा जड होऊन पंख्याच्या वाऱ्यानं सारखा उडत नाही. एका पडद्याला रोज तासभर बसलात तर चार-पाच दिवस लागतील. कपाशीच्या मुलखात राहून आपण घरोघरी पॉलिएस्टरचे पडदे लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. धुतलेल्या जुन्या सुताइतकं मऊ आणि डोळ्यांना निवांत दुसरं काहीही नाही.

टाके तुम्ही एकटीनं घालू नका. सासूबाईंना नक्की गोधडी येत असणार, त्या पिढीत न येणारी बाई विरळा. डोळ्यांना दिसत नसेल तर सुईत दोरा मुलीनं ओवायचा आणि किती अंतर, कुठून वळण, हे त्यांनी सांगायचं. गोधडी मध्यातून सुरू करायची की कडेनं, यावर तुमचं आणि त्यांचं कदाचित जमणार नाही. त्यांचं ऐका.

उरलेल्या सव्वा मीटरच्या काठाच्या पट्ट्या जपून ठेवा, त्या लागणार आहेत. मधल्या कापडात दोन उशांचे अभ्रे बसतात. उशांत भरायला सावरीचा कापूस मिळाला तर पाहा. काटेसावरीची बोंडं याच दिवसांत फुटतात आणि तो कापूस वाऱ्यावर उडत असतो. हलका असतो, धाग्यात कातला जात नाही, पण उशीला फार छान. झाडाखाली पडलेली बोंडं वेचायला मुलांना पाठवा, मात्र नाकातोंडाला रुमाल बांधून.

पाण्याकडे येऊ. माठ तुमच्याकडे असेलच, आणि तो सजवायची इच्छा तुम्हाला किंवा मुलीला नक्की होईल. बाजारात रंगवलेले माठ फार दिसतात हल्ली. कृपा करून पिण्याच्या पाण्याच्या माठाला ऑइल पेंट लावू नका, वार्निशही नाही. माठ गार होतो तो त्याच्या छिद्रांमुळे. पाणी झिरपून बाहेर येतं, वाऱ्यानं उडून जातं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. छिद्रं रंगानं बुजली की माठाचा नुसता हंडा होतो. माठाला त्याचा मातकट रंगच शोभतो. त्याला सजवायचं असेल तर काठाच्या त्या उरलेल्या पट्ट्या जोडून एक सैल कमरपट्टा शिवा आणि तो ओला करून माठाच्या पोटाला गुंडाळा. दिसतोही देखणा आणि ओल्या कापडामुळे पाणी आणखी गार होतं. दोन पट्टे करा, एक आज, एक उद्या. नाहीतर कुबट वास येईल. माठाखाली तिवई, तिवईखाली परात, आणि परातीत गळलेल्या पाण्यावर दोन मोगऱ्याची फुलं टाकलीत की तो कोपरा पुरा झाला.

एक सावधगिरी. फुलं तरंगणारी परात असो, घंगाळ असो की पक्ष्यांचं पाणी, ते रोज फेकून भांडं घासून पुन्हा भरायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा. सजावटीसाठी पाणी ठेवायचं तर ही चाकरी आलीच. रोज जमणार नसेल तर परात ठेवू नका, नुसता गजरा ठेवा.

पक्ष्यांचं पाणी टांगायला मुलीला शिंकं करायला शिकवा. हल्ली दुकानांत कुंड्या टांगायच्या दोऱ्यांच्या जाळ्या मोठ्या किमतीला मिळतात, त्यांची घडण आपल्या दह्यादुधाच्या शिंक्यासारखीच असते. सुती दोरी आणा, सुतळी नको, ती पाण्यानं कुजते आणि तिचे तंतू गळतात. तीन-तीन मीटरचे चार तुकडे कापा, मधोमध दुमडून एका कडीत अडकवा, म्हणजे आठ पदर सुटतात. दोन-दोन पदरांच्या चार जोड्या करा आणि कडीपासून हातभर खाली प्रत्येक जोडीला गाठ मारा. मग प्रत्येक जोडीतला एक पदर शेजारच्या जोडीतल्या एका पदराशी जोडून चार बोटं खाली गाठ. असं गोल फिरत या, जाळी तयार होते. आणखी एक फेरी तशीच. शेवटी आठही पदर एकत्र घेऊन घट्ट गाठ मारा, खाली गोंडा सोडा. त्यात मातीचं परळ बसवायचं. टांगायला खिडकीच्या किंवा गॅलरीच्या ग्रिलचा वरचा गज आहेच. आधी त्यात पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली दिवसभर लटकवून ठेवा, गाठी सुटत नाहीत ना ते कळतं. पहिलं शिंकं वाकडं होईल. ते पक्ष्यांना द्या, त्यांना चालतं. दुसरं सरळ येईल, त्यात पुदिन्याची किंवा मनीप्लांटची कुंडी ठेवता येईल.

वाळ्यावर मी कितीही लिहू शकते. माझ्या आजोळी, परतवाड्याला, दुपारी दारावर वाळ्याची ताटी सोडून तिच्यावर पाणी मारलं जाई आणि खोलीत अंधार, गारवा आणि तो ओल्या मातीचा वास असा एकदम भरून यायचा की आम्ही मुलं आपोआप गप्प व्हायचो. तुमच्याकडे हवा कोरडी, म्हणून हे जमतं. मुंबईत किंवा कोकणात वाळा वास देईल पण गारवा देणार नाही, तिथली हवा आधीच ओली. अख्खी ताटी महाग पडेल, करूच नका. काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो वाळ्याची मुळं आणा. झटकून, धुऊन, वाळवून त्यांच्या अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब जुड्या करा, पांढऱ्या दोऱ्यानं दोन ठिकाणी आवळा आणि लुगड्याच्या काठाच्या पट्टीवर ओळीनं टाचा. झालं तोरण. ते खिडकीच्या ग्रिलवर, चीक आणि पडदा यांच्या मध्ये येईल असं बांधा आणि दुपारी तीनला, पाचला हातानं पाणी शिंपडा. हे काम धाकट्याचं. आठवड्यातून एक दिवस तोरण काढून उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते. एक जुडी चांगली धुऊन माठात सोडा. आणि विजेचं बटण, कूलरची पिन यांच्या जवळ हे तोरण अजिबात नको. कूलरच्या बाजूही कापडानं झाकून सजवू नका, त्याला बाहेरची हवा ओढायची असते.

मुलांच्या हातांना अजून काम हवं असेल तर रद्दी काढा. आठवड्याभराची वर्तमानपत्रं बारीक फाडून दोन दिवस भिजत ठेवा आणि वाटा. मूठभर मेथ्या रात्री भिजवून, वाटून त्यात मिसळा. मेथीनं लगदा चिकटही होतो आणि त्याला कीड लागत नाही. जुनी, काड्या सुटलेली टोपली किंवा सूप असेल तर त्याला आतून-बाहेरून हा लगदा लिंपा. पूर्वी धान्याच्या टोपल्या अशाच लिंपत. अकोल्याच्या उन्हात दोन दिवसांत ते दगडासारखं वाळतं, मुंबईच्या माझ्या भाचीला यासाठी आठवडा लागला. वर गेरूचा हात फिरवा आणि गेरूवर पांढऱ्या रंगानं मुलांना चित्रं काढू द्या.

इथे बहुतेक जण वारली नाचाचं वर्तुळ गिरवायला घेतात. ठाणे-पालघरकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं लिहितात, तो एक विधी आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती रेघ कागदावर, जगापुढे नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत आहे ते त्यांच्या रोजच्या जगण्यातलं : भात, ताडी, मासे, डोंगर. मुलांना हे सांगा आणि मग म्हणा, तुमच्या रोजचं काढा. कपाशीचं फुटलेलं बोंड काढा, गल्लीतला निंब काढा, आजीची पेटी काढा, कूलरसमोर झोपलेले बाबा काढा. ते सूप शोकेसवर भिंतीला टेकवून ठेवलं की खिळा लागत नाही, आणि अशी वस्तू शहरात दुसऱ्या कुणाच्या घरी नसेल. लिंपलेली टोपली उलटी करून दिव्यावर टोप म्हणून घालायचा मोह होईल. तसं करायचंच असेल तर न लिंपलेली, जाळीदार टोपली घ्या, बल्ब एलईडी असू द्या आणि टोपली त्याला चिकटू देऊ नका.

नणंदेची मुलं येणार त्या पंधरा दिवसांसाठी आत्तापासून एक गोष्ट शिवायला घ्या, कापडी सारीपाट. दुसरं एखादं लुगडं मिळालं तर त्याचं, नाहीतर जुन्या चादरीचं. अधिक चिन्हासारखा आकार, मधे चौक, प्रत्येक हाताला तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत आठ घरं. घरांच्या रेघा म्हणजे पुन्हा धावदोराच. फुलीच्या घरांवर काठातली नक्षी कापून लावा. सोंगट्या चार रंगांच्या सोळा : बांगड्यांचे तुकडे नकोत, हात कापतात, त्यापेक्षा जुन्या शर्टांची बटणं घ्या. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांच्या पांढऱ्या बाजू वर येतील तेवढं दान. दुपारी बारा ते चार कुणालाच बाहेर सोडता येत नाही, तेव्हा हा पाट फरशीवर पसरला की चार मुलं आणि एक आजी तिथेच बसतील. संध्याकाळी तोच पाट सोफ्याच्या पाठीवर टाका. हॉलमधली सगळ्यात रंगीत वस्तू तीच असेल, आणि तेवढा एक रंग पुरे. बाकी पांढरं, मातकट आणि बांबूचं राहू द्या. उन्हाळा म्हणून पिवळ्या-केशरी उशा आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बहावा आणि गुलमोहर बाहेर पुरेसे पेटलेले असतात.

अक्षय्य तृतीयेपर्यंत दाराबाहेर चैत्रांगण काढता आलं तर काढा. जिना सामाईक असेल तर पाटावर काढा. सूर्य, चंद्र, शंख, गोपद्म, कमळ, तुळशीवृंदावन, छत्री, पंखा, पाळण्यात गौर. सगळं यायला हवं असं नाही. सासूबाईंना जी चिन्हं आठवतील ती त्यांनी सांगावीत आणि मुलीनं काढावीत. रांगोळी झाडाची आणि भांड्यांची चित्रं शिकवते तशी दुसरी कुठलीही चित्रवही शिकवत नाही, असं माझं मत आहे.

खर्चाचं म्हणाल तर विकत आणायचं ते एवढंच : चीक, सुती दोरी, वाळा, गेरू, दोरे, परळं. चीक सोडली तर बाकी सगळं थोडक्यात येतं. दोन हजारांतून पैसे उरले तर घरमालकांना विचारून गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. ती सजावट कुणाला दिसणार नाही, पण वरून येणारं ऊन पांढऱ्या गच्चीवरून बरंचसं परत फिरतं आणि रात्री छत कमी तापलेलं असतं. भाड्याच्या घरावर कशाला खर्च, असं यजमान म्हणतील. झोपणार तर आपणच आहोत ना त्याच्याखाली.

प्लास्टिकच्या फुलांबद्दल तुम्हाला जे अपराधी वाटतंय ते विसरा. साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा, वाळवा, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून माळ्यावर टाका. गणपतीत मखराच्या मागच्या बाजूला कामाला येतील.

सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात काढाकाढ, पुढच्या आठवड्यात चीक, मग पेटी. पडदे, माठाचा पट्टा आणि शिंकं एवढं नणंद यायच्या आत झालं तरी घर पालटेल. सारीपाट अर्धा राहिला तर राहू द्या, उरलेले दोन हात तिच्या मुलांकडून शिवून घ्या. आणि पहिल्या पडद्याचा शेवटचा टाका सासूबाईंना घालू द्या, कितीही वाकडा आला तरी उसवू नका.

तुमची,
ताई